ग्रुपमधलं ग्रुपमध्ये

आमच्या शाळेत दर शनिवारी शेवटचा तास जीवनकौशल्यांचा असतो. हे नाव ज्यानं काढलं, त्याला एकदा सातवीच्या वर्गात शनिवारी शेवटच्या तासाला उभं करायला हवं. मुलांच्या खांद्यावर दप्तराचे पट्टे, डोळे घड्याळाकडे, आणि आपण फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं, टीमवर्क. बडोद्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. गणितात उत्तर चुकलं तर मागे जाऊन कुठे चुकलं ते सापडतं, खोडून पुन्हा मांडता येतं. मला हा तास मुळीच नको होता. पण वर्गशिक्षिकेला नको म्हणायची सोय नसते.

टीमवर्क म्हणजे काय, असं मी पहिल्या शनिवारी विचारलं. एकानं उत्तरायणाचं उदाहरण दिलं. एक जण पतंग उडवतो, दुसरा फिरकी धरतो. फिरकीवाल्यानं वेळेवर ढील दिली नाही की पतंग गेलाच. झोपलेला वर्ग जागा झाला, कारण या गावात फिरकी कुणी धरायची यावरून सख्ख्या भावांत अबोला होतो. मग दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली आणि गंभीरपणे म्हणाली, "टीचर, टीमवर्क म्हणजे काम एकानं करायचं आणि नावं पाच जणांनी लावायची." सगळे हसले. मीही हसले, तिला शाबासकी दिली, आणि तिच्या म्हणण्याचा विचार काही केला नाही.

ही मुलगी गुजराती घरातली, तोंडाची तिखट आणि अक्षराची फार सुंदर. गोल, जरासं उजवीकडे कललेलं अक्षर. गुजराती लिहो की इंग्रजी, ओळखू यायचंच. पालकसभेच्या दिवशी तिची वही मी टेबलावर सगळ्यांत वर ठेवत असे. वर्गाचे मी पाचा-पाचांचे ग्रुप पाडले आणि प्रत्येकाला काम वाटून दिलं. एक नेता, एक बोलणारा, एक वेळ बघणारा, एक सामान सांभाळणारा आणि एक लिहिणारा. त्या ग्रुपचं लिहिणं अर्थातच तिच्याकडे गेलं. तिच्याच बाकावर एक मराठी मुलगी बसायची, तिच्याकडे वेळ बघायचं काम आलं.

ही वेळ बघणारी फार कमी बोलायची. तिच्या पूर्वजांनी संस्थानच्या फौजेत चाकरी केली होती, वडील गोरव्यात एका कारखान्यात होते. वर्गात आम्ही सगळे इंग्रजी आणि गुजराती बोलणार, पण वऱ्हांड्यात ती एकटी भेटली की मी हळूच मराठीत विचारायची, "काय गं, जेवलीस का?" ती मान डोलवायची. "अभ्यास झाला?" पुन्हा मान. काहीही विचारा, तिची मान डोलणार. किती गुणी पोर, असं मला वाटायचं. त्रास न देणारं मूल आम्हा शिक्षकांना नेहमीच गुणी वाटतं.

भिंतीवर मी एक तक्ता लावला होता. एकमेकांचं ऐका. कुणाला हसू नका. ग्रुपमधलं ग्रुपमध्ये. यातली पहिली दोन वाक्यं शाळेच्या परिपत्रकातून आली होती. तिसरं माझं स्वतःचं. मुलं चहाड्या फार करतात, त्याला आळा बसावा म्हणून मी ते घातलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

टीमवर्क संपलं आणि ताण सुरू झाला. ताण कशाचा येतो, यावर मुलं भरभरून बोलली. ट्यूशनचा, संस्कृतच्या पाठांतराचा, पप्पांनी शाळेत फोन करण्याचा. ताण आला तर काय करायचं, यावर दीर्घ श्वास, पाणी पिणं आणि सेव-उसळ खाणं असे तीन उपाय निघाले. तिसऱ्यावर एकमत झालं. तास संपायला दहा मिनिटं उरली तेव्हा मी चिठ्ठ्यांसाठी कागदाचे तुकडे वाटले. तुम्हाला कशाचा ताण येतो ते लिहा, नाव घालू नका, वाटेल त्या भाषेत लिहा, चिठ्ठी या डब्यात टाका. कुणाची ते मी शोधणार नाही. तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं. मी गेले, आणि परतले तेव्हा वर्ग रिकामा होता, टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा चिठ्ठ्यांनी भरलेला.

तिथेच बसून वाचायला लागले. पाचसहा चिठ्ठ्या वाचून हसू आलं. पुढची गुजरातीत होती. "मम्मी हवे साजी नहीं थाय. बधाने लागे छे के मने खबर नथी. हुं पण एवुं ज बतावुं छुं." आई आता बरी होणार नाही. सगळ्यांना वाटतं मला माहीत नाही. मीही तसंच दाखवते.

अक्षर गोल होतं, उजवीकडे कललेलं. मी डब्याचं झाकण लावलं. बाकीच्या चिठ्ठ्या वाचल्याच नाहीत.

मी दहा वर्षांची असताना वडिलांना दवाखान्यात नेलं, तेव्हा मला आणि भावाला करजणला मावशीकडे पाठवलं होतं. बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत, असं सांगितलं. आमच्याकडे पणजोबांपासून संस्थानची कारकुनी, आणि 'मुलांसमोर नको' हा घरचा शिरस्ता. मावशी रोज शिरा करायची. सण नाही, वार नाही, रोज शिरा, आणि आम्हाला वाढताना आमच्याकडे बघायची नाही. त्या शिऱ्यावरूनच मला कळलं होतं. पण मी कुणाला विचारलं नाही, आणि तुला काही कळलंय का असं मलाही कुणी विचारलं नाही. घरी परत आलो तेव्हा बाबांच्या फोटोला हार होता. बाबांना अच्छा करायचं राहून गेलं, ते अजून राहिलेलंच आहे.

त्यामुळे ती चिठ्ठी हातात आल्यावर मला राहवलं नाही. शोधणार नाही असं वचन दिलं होतं खरं. पण या पोरीला तरी आईशी बोलायला मिळायला हवं, वेळ आहे तोवर, एवढंच डोक्यात होतं. सोमवारी मी तिच्या आईला शाळेत बोलावून घेतलं.

बाई आल्या त्या खणखणीत. भाजीची पिशवी हातात, येतानाच हसत, "केम छो, टीचर?" मला वाटलं, काय धीराची बाई आहे. मी खुर्ची पुढे केली, आवाज हळू केला आणि म्हणाले, की तुमच्या मुलीला सगळं माहीत आहे, आता तिच्यापासून तुमचं आजारपण लपवू नका. बाईंच्या हातातली पिशवी खाली आली. "मने शुं थयुं छे, बेन?" मला काय झालंय? त्यांना वाटलं, घरच्यांनी त्यांचाच आजार त्यांच्यापासून लपवला आहे. पुढचे दोन दिवस नवऱ्याशी भांडून त्यांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. बाई ठणठणीत निघाल्या. मग त्यांनी मला फोनवर जे ऐकवलं, त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

मी चिडले. माझं चुकलं म्हणजे कुणाचं तरी चुकायला हवंच. मधल्या सुट्टीत मुलं वर्गातच डबे खात होती, तेव्हा मी त्या लिहिणाऱ्या मुलीला टेबलाशी बोलावलं आणि चिठ्ठी पुढे ठेवली.

"हे तूच लिहिलंस ना?"

"हो, टीचर."

"आईबद्दल असं खोटं लिहितात? गंमत वाटली तुला?"

एरवी तोंडाला तोंड देणारी ती पोर माझ्या खांद्यावरून मागे भिंतीकडे बघत राहिली. डोळे भरले, पण नजर तिथून हलली नाही. मला वाटलं, नजर चुकवते आहे. तिची बाकावरची मैत्रीण समोर डबा उघडून तशीच बसली होती, आमच्याकडे एकटक बघत. मी तिच्यावरही खेकसले, "तू जेव गं." तिनं मान डोलवली.

पुढच्या पालकसभेत मी टेबलावर दुसऱ्याच मुलीची वही ठेवली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा ती वेळ बघणारी आली नाही. तिसऱ्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या वडिलांचा मेसेज आला. पत्नीचं सुट्टीत निधन झालं, मुलगी काही दिवस येणार नाही. दीर्घ आजारानं, असं त्यात होतं. त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली होती.

मी स्टाफरूममध्ये उठून उभी राहिले. कपाटाच्या वरून तो बिस्किटांचा डबा काढला, टेबलावर उपडा केला आणि चिठ्ठ्या एकेक करून बघू लागले. गोल, उजवीकडे कललेल्या अक्षरातल्या आणखी चार निघाल्या. एकीत गणिताची भीती. एकीत गल्लीतला कुत्रा. एकीत मोठा भाऊ मारतो म्हणून. आणि चौथी अशी, की ग्रुपमध्ये सगळं मलाच लिहावं लागतं, हात दुखतो.

मीच काम वाटून दिलं होतं, लिहिणारा एक. मुलांनी ते इमानानं पाळलं होतं. मी ऑफिसात गेले तेव्हा पाच जण डोकी जवळ घेऊन बसले असतील, एकेकानं आपला ताण हळूच सांगितला असेल, आणि तिनं पाचांचे पाच कागद लिहून काढले असतील. मी त्या दिवशी आणखी चार चिठ्ठ्या वाचल्या असत्या तर सातवीतल्या पोरालाही कळावं तसं मला कळलं असतं. गणिताची शिक्षिका मी. पाच उदाहरणांतलं एक सोडवलं आणि वही मिटली.

आणि ती पोर भिंतीकडे का बघत होती, तेही तेव्हा समजलं. भिंतीवर माझाच तक्ता होता. मी रागावले, आईनं घरी धोपटलं असेल, तरी तिनं मैत्रिणीचं नाव घेतलं नाही. ग्रुपमधलं ग्रुपमध्ये, हे तिला टीचरनंच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या वेळ बघणारीच्या घरी गेले. वडिलांनी दार उघडलं. "या, बाई," म्हणाले, आणि आतल्या खोलीकडे हात केला. तिथे दोघी जमिनीवर बसल्या होत्या. लिहिणारी मैत्रिणीच्या वहीत बुडालेले धडे उतरवून देत होती. मला बघून तिनं पेन खाली ठेवलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "माझं चुकलं, बेटा." ती म्हणाली, "कंई नहीं, टीचर," आणि पुन्हा लिहायला लागली. काही नाही, म्हणे. मला त्यापेक्षा तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मी दुसरीजवळ बसले. तीच मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही तिला टेबलाशी बोलावलंत ना, तेव्हा मला वाटलं, आता मला बोलवाल."

"हो गं," मी म्हटलं. ती रोज वाट बघत असणार. शनिवारीही, वऱ्हांड्यातही, मी जेवलीस का म्हणून विचारायची तेव्हाही. आणि सुट्टी लागेपर्यंत मला वेळच वेळ होता.

बाहेर वडील कुणाशी तरी फोनवर बोलत होते. तिनं दाराकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "बाई, आईला माहीत होतं का? मला सगळं माहीत होतं ते?"

मला काय ठाऊक? मी त्या माउलीला पालकसभेत दोनदा पाहिलेलं. तिला माहीत असतं तर मायलेकी बोलल्या नसत्या का? हे तिलाही दिसत होतंच. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि मला नाही म्हणवेना.

"हो," मी म्हटलं. "आईला सगळं कळतं गं. तिला माहीत होतं."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे क्षणभर नीट बघितलं. मग मान डोलवली, घरातल्या सगळ्यांसमोर इतके महिने डोलवत आली होती तशीच.