पत्र्याचा खिळा

"पुस्तक मिट!" हे बाई सांगत नसत, ओरडत. आणि पोराने मिटलं नाही, तर स्वतः येऊन त्याच्या बोटांसकट मिटत. मग टेबलावरच्या परीक्षानळीकडे बोट दाखवत. "आता सांग, काय दिसलं?"

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची शाळा. विज्ञानाला आम्ही दोघंच, त्या आणि मी. बाई सापगावहून दोन एसट्या बदलून यायच्या आणि बहुतेक वेळा तापलेल्याच पोचायच्या. तुमच्याही शाळेत अशी एक बाई असणार, जिच्या चपलांचा आवाज आला की वर्ग गप्प होतो.

त्यांचा सगळ्यात मोठा राग गाईडवर. दहावीला धातूंचे प्रयोग असतात. मॅग्नेशियमची फीत जाळली की पांढरी राख उरते, ती संयोग अभिक्रिया. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की लोखंड तांब्याला हुसकून त्याची जागा घेतं, ती विस्थापन अभिक्रिया. खिळ्यावर तांबूस थर चढतो, पाणी हिरवट होतं. गाईडात हे सगळं छापलेलं असल्यामुळे पोरं खिळा पाण्यात पडायच्या आधीच निरीक्षण लिहून मोकळी. एकदा बाईंनी मुद्दाम नळ्यांमध्ये निळी शाई कालवलेलं साधं पाणी भरलं. वर्गाने बिनदिक्कत 'तांबूस थर' लिहिला. बाईंनी वह्या खिडकीतून मैदानात भिरकावल्या. "डोळे घरी ठेवून येता काय रे?" खाली मुख्याध्यापक वह्या वेचत होते आणि मी पोट धरून हसत होतो.

एक वही मात्र बाईंच्या हातात राहिली. कमलची. वरच्या पाड्यावरून चालत येणारी, मागच्या बाकावरची, विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी. तिने लिहिलं होतं, 'काय नाय झालं.' बाईंनी ती वही मला तीनदा दाखवली.

ज्याने शिकवलं त्याने तपासायचं नाही, असा आमच्याकडे नियम. त्यामुळे बाईंच्या वर्गाची प्रात्यक्षिक परीक्षा माझ्याकडे आली. नेमके प्रयोगशाळेतले खिळे संपलेले. शाळेवर नवे पत्रे घातले तेव्हाचे खिळे उरले होते, ते मी वाटून टाकले. खिळा तो खिळा. एकाही नळीत मी डोकावलो नाही, नुसत्या वह्या तपासल्या. कमलने लिहिलं होतं, 'खिळा काळा झाला. पाण्याचा निळा रंग गेला. हिरवा नाय झाला.' त्यावर मी लाल रेघ मारली आणि शून्य दिलं. बाकीच्यांनी गाईड उतरवलं होतं, त्यांना पैकीच्या पैकी.

दुसऱ्या दिवशी बाई स्टाफरूममध्ये आल्या आणि माझ्या डब्याशेजारी तो खिळा आपटला.

"हा पत्र्याचा खिळा आहे. वर जस्ताचा मुलामा. मोरचुदात टाकला की काळाच पडणार, आणि पाणी हिरवं कुठून होणार? सगळ्या वर्गात एकीने डोळे उघडे ठेवले, तिलाच शून्य!"

"चुकलं. मार्क देतो तिचे," मी म्हणालो.

"मार्क द्यालच हो. वर्गात उभं राहून सांगा, कमल बरोबर होती, मी चुकलो."

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगून काय होणार? शून्य तुम्ही दिलंय."

मी मार्क दिले. वर्गात सांगितलं नाही. इतकी वर्षं शिकवलेला माणूस, पोरांसमोर कान धरू? रोज मधल्या सुट्टीत बाई विचारायच्या, "सांगितलंत?" मी चहा ढवळायचो. असं करता करता मुलं बोर्डाच्या परीक्षेला गेलीसुद्धा.

निकाल न्यायला कमल आली. पास झाली होती. बाईंनी मोठ्या हौसेने विचारलं, "खिळ्याचा प्रश्न होता ना गो पेपरात? काय लिहिलंस?"

"गाईडातलं लिवलं, बाई. दिसलेलं लिवलं तं शून्य भेटतं."

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. एसटी किती वाजता आहे हे सांगावं तसं तिने सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. बाई ओरडतील म्हणून मी मान खाली घातली, पण त्या ओरडल्या नाहीत. कमलच्या पाठीवर हात ठेवला आणि वर्गावर निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी मला 'सांगितलंत?' असं कधी विचारलं नाही. मला त्याचाच संताप येतो. विचारायला हवं होतं, रोज, सगळ्यांदेखत.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि गेल्या थंडीत वारल्या. शोकसभेत जो तो उठून म्हणाला, बाई शिस्तप्रिय होत्या. शिस्तप्रिय म्हणे! त्या चिडलेल्या होत्या, आणि ज्यांच्यावर चिडल्या होत्या तेच हार घालत होते. पहिला हार माझा.

आता मी दरवर्षी दहावीला दोन्ही खिळे दाखवतो, माझी चूक रंगवून सांगतो. पोरं हसतात. यात काही शौर्य नाही, कारण त्या वर्गात कमल बसलेली नसते.

कमल मुरबाडला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. मी त्याच रस्त्यावर पुढे वैशाखऱ्याला राहतो. संध्याकाळी शाळेपुढे एसटी थांबते तेव्हा बऱ्याचदा ती आत असते. परवा गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मला पाहून ती उठली.

"बसा सर."

सांगायचं ते सगळं जिभेवर आलं. "कमल, तो खिळा..." एवढंच मी म्हणालो.

"कंचा खिळा, सर? बसा तुमी. मना उभं ऱ्हायची सवय हाय."

मी बसलो.