अण्णांच्या खिशातला फ्यूज

चमत्कार दाखवणाऱ्यांच्या मंडपाबाहेर उभं राहून त्यांच्याविरुद्ध पत्रकं वाटणारी मुलगी मी. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण घडलं ते घडलं.

ठिकाण माधवनगर, आमचं दोन खोल्यांचं घर. वेळ संध्याकाळी साडेपाच, चांगला उजेड.

'परवाना असलेलाच वायरमन बोलवा, अर्थिंग करून घ्या' — दोन वर्षं गल्लीत घसा फोडून सांगतेय. एकानंही ऐकलं नाही. मग भूपालअण्णा आले. गिरणीतून निवृत्त झालेले वायरमन, हळू बोलणारे. त्यांनी एकदा सांगितलं आणि अख्ख्या गल्लीनं अर्थिंगचे खड्डे काढले! आमच्या आईनंसुद्धा. मी जळले, सरळ सांगते. ते घरी आले तेव्हा मुद्दाम परवाना मागितला — नसला तर बरं, म्हणून. त्यांनी काढून दाखवला. वर म्हणाले, "असंच इचारत जावं, पोरी." आणखी जळले.

अण्णा जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. म्हणून काम अर्ध्यावर ठेवून घरी जेवायला गेले. जाताना मेनचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातला. ही त्यांची कायमची पद्धत, मागं कुणी चालू करू नये म्हणून. स्वयंपाकघरात लोंबणाऱ्या नव्या वायरच्या टोकांना टेपही लावला.

तो टेप मी सोडवला. काही चूक सापडते का बघायला. सापडली नाही. मग काढून ठेवलेल्या जुन्या बोर्डावरचा फ्यूज आणला. आई म्हणाली, "अण्णा येऊ देत की गं. तुला काय कळतंय त्यातलं?"

बस्स. तिचं ऐकल्यासारखं दाखवून बाहेरच्या खोलीत गेले आणि गुपचूप फ्यूज बसवला, मेन चालू केला. दिवा लागला नाही. शेजारी टीव्ही चालू होता, म्हणजे लाइट गेलेली नव्हती...

वळले, तर स्वयंपाकघरात आई. अनवाणी, हात ओले. फळीवरचा डबा काढायला तिनं ती उघडी वायर मुठीत धरून बाजूला केली होती. तिनं डबा काढला, वायर सोडली, माझ्याकडे बघितलं. "काय गं?"

आणि दोन्ही खोल्यांतले दिवे लागले.

मी धावत जाऊन मेन बंद केला, फ्यूज उपसून लपवला. अण्णा आल्यावर त्यांना एकट्याला गाठून सगळं सांगितलं. तुम्ही म्हणाल, लूज कनेक्शन. मीही तेच म्हणाले. त्यांनी तोच फ्यूज बसवून बघितला, एकेक स्क्रू तपासला. "सैल कायबी न्हाई," म्हणाले. "मला न्हाई सांगता येत."

आईनं मात्र दिवे लागलेले बघितले होते. ती बोलली, "आवं अण्णा, लाइट चालूच ठिवून गेलासा व्हय?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "माझंच कायतरी ऱ्हायलं आसंल, वैनी."

गल्लीत बोभाटा झाला. दोन घरांनी परवाना नसलेला दुसरा माणूस बोलावला. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला गार वाटलं.

त्या दोन मिनिटांत आमच्याच घरातली वीज कुठे गेली होती, मला आजही माहीत नाही. आई या मासिकातलं हे सदर दर महिन्याला वाचते. आई, टेप मी काढला होता. फ्यूजही मीच बसवला होता.