तो कोंडा नव्हता

"आजी, हा कोंडा नाही," नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही ऑक्युलर जीव्हीएचडी आहे. आणि पुसून पुसून तुम्ही बुबुळावर जखम करून घेतलीय."

आर्या, निषाद, याचा अर्थ सांगते. माझं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, म्हणजे माझ्या रोगी अस्थिमज्जेच्या जागी वसंतआजोबांच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, पेशी आल्या. त्यांनी मला वाचवलं. पण त्यातल्या काही मला अजून परकी समजतात. त्यांनी माझ्या अश्रुग्रंथींवरच हल्ला केला आणि डोळ्यांत पाणी येणं थांबलं. वसंता लहानपणीही असाच उगाच भांडायचा.

हे कळायला मला दोन महिने लागले. मूल गावातलं आपलं घर राइस मिलच्या मागे, आणि धान भरडायचे दिवस, हवेत सगळा कोंडा. इथे डोळा खुपला की पदराचं टोक पिळायचं, त्यावर गरम फुंकर मारायची आणि कोंडा टिपायचा. मी, इंग्रजीची एम.ए., रिपोर्टांची फाइल तारखेनुसार लावणारी, तेच करत बसले. फाइलमध्ये लिहिलं होतं, डोळे कोरडे वाटल्यास कळवा. मला कोरडे वाटलेच नाहीत, खुपले. ज्यांचं ट्रान्सप्लांट झालंय त्यांनी लक्षात ठेवावं: कोरडा डोळा खुपतो.

"सहा आठवड्यांत जखम भरली नाही, तर टार्सोऱ्हाफी करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे पापण्या कडेला शिवून डोळा अर्धा मिटवायचा. तोही उजवा. डाव्यात मोतीबिंदू, त्याने फक्त दार कुठे आहे ते कळतं. लिहिणं-वाचणं सगळं उजव्यावर.

तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, मूल सोड. आणि पत्रं कशाला, बोलून पाठव ना." दोन्हींना मी नाही म्हटलं.

नागपूरच्या दवाखान्यात माझ्याच रक्तातला पातळ भाग वेगळा करून थेंब तयार केले. त्याला सिरम ड्रॉप्स म्हणतात. बर्फाच्या डब्यात घालून एसटीने मी ते मूलला आणले. दर तासाला गजर. बाहेर पडताना चारी बाजूंनी बंद असा गॉगल.

शेजारच्या रुखमाबाईंनी पहिल्याच दिवशी हटकलं. "काऊन वो बाई, फटफटी कुठी ठेवली?"

"मिलमध्ये. कोंड्यावर चालते ती."

"मंग मले बी बसवा मागं!" त्या खूप हसल्या. मग माझा हात डोळ्याकडे गेला, तसा त्यांनी तो मधेच धरला. "नाई. पदर नाई लावाचा. थेंब टाका." त्या दिवसापासून गजरापेक्षा त्यांचाच धाक जास्त.

सहाव्या आठवड्यात पुन्हा नागपूर. वेटिंग रूममध्ये मी मुद्दाम वर्तमानपत्र उघडून बसले. ओळी पुसट होत्या, तरी सोडल्या नाहीत. आत फ्लोरेसीन घातलं. हा पिवळा रंग जखम असेल तिथे निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. डॉक्टरीणबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

"चमकत नाही काही," त्या म्हणाल्या. "टाके नकोत. थेंब मात्र जन्मभर."

जन्मभर तर जन्मभर. त्या डॉक्टरीणबाईंची मी ऋणी आहे, रुखमाबाईंची त्याहून जास्त.

आता मला रडता येत नाही. सुट्टी संपवून तुम्ही निघाल तेव्हा माझ्या गालावर पाणी दिसलं, तर घड्याळ बघा. गजर झालेला असेल.

हे पत्र मी माझ्या हाताने, मूलमध्येच बसून लिहिलंय. जिथे अक्षर ओळीखाली घसरलंय, तिथे मी थेंब घातला आणि पुढे लिहिलं.