मांडवीला आई उतरली

उन्हाळ्यात पुरवाई, म्हणजे पूर्वेचा वारा, सुटली, की गंगेपलीकडच्या तापलेल्या वाळूचा वास अहिल्याबाई घाटावर येतो आणि मला कच्छची ती बस आठवते.

आईचा सारा जन्म काशीत गेला. समुद्र तिने पाहिलाच नव्हता. गुडघे पार थकल्यावर हट्टाने तिने मला कच्छला, तिथल्या दोन दिवसांच्या बससहलीला नेलं. पांढरं रण पाहून मांडवीला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं.

"देर हो गई है, समुंदर खिडकी से देख लीजिए," गाइड म्हणाला.

आई काठी टेकत उठली. "दरवाजा खोलो, भैया."

"आई, वाळूत चालवेल का तुला?"

"नाही चालवलं तर बसेन. पण पाण्यापाशी."

थांबत थांबत ती पोचली. लाट पायांवर आली तशी तिने गंगेच्या सवयीने ओंजळ भरून आचमन केलं आणि तोंड वाकडं करून खदखदून हसली. "शी! किती खारट गं!"

तेव्हा मला परत चालत जायची काळजी होती. आता माझेही गुडघे दुखतात आणि तिचं एकेक पाऊल कळतं.

त्या संध्याकाळी मी मागे वळून पाहिलं. अख्खी बस चपला हातात घेऊन पाण्याकडे येत होती, आणि सगळ्यांच्या पुढे गाइड होता.