शुभाचा एक बुश

"सोनवणे साहेब, शंभर खोकी भरली आन हा एक उरला. याला कुठं ठेवू?"

पॅकिंगच्या मंदाताईंनी पितळी बुश माझ्या टेबलावर आपटला. बुश म्हणजे मशीनच्या दांड्याभोवती बसणारी छोटी नळी. नव्वदच्या दशकात मी सिन्नरच्या एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळायचो.

घोळ आमचे मालक आबासाहेब यांनी घातला होता. मोठ्या कंपनीची पहिली ऑर्डर दहा हजारांची. आहेराच्या पाकिटात एकशे एक घालतात, तसा आबांना इथेही वरचा एक हवा होता. त्यांनी फोन करून ऑर्डर दहा हजार एकची करून घेतली.

कंपनीचा नियम साधा होता. प्रत्येक खोक्यात सारखेच नग. त्यांच्या गोडाऊनला फक्त खोकी मोजायची असत. दुपारी इन्स्पेक्टर येणार. माल नापास झाला तर पुढची ऑर्डर नाही, आणि मंदाताईंसकट सहा बायका घरी.

"आबा, एक काढून टाकू?"

"शुभाचा एक काढतोस? आन ऑर्डरीत लिवलंय ना!"

मी बी.एस्सी. गणित. त्या डिग्रीचा उपयोग तोवर फक्त लग्नपत्रिकेत झाला होता. कागद घेतला आणि दहा हजार एकला भाग देत बसलो. दोन, तीन, पाच, सात, काहीच जाईना. शंभरापर्यंत बघणं पुरे होतं. कारण दोन संख्यांचा गुणाकार इतका होत असेल, तर त्यातली एक शंभराच्या आत असणारच. अकरा, तेरा, सतरा... सगळ्यांनी बाकी ठेवली. एकाहत्तरनंही भाग गेला नाही, तेव्हा मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

त्र्याहत्तरनं भाग गेला. बरोब्बर एकशे सदतीस वेळा. मी खुर्चीतून उडालोच.

"मंदाताई, सगळी खोकी उघडा, अजून सदतीस आणा! एकेका खोक्यात त्र्याहत्तर!"

"येड लागलं का तुम्हाला?" असं म्हणत त्यांनी खोकी उघडली. रिकाम्या जागेत जुन्या पेपरांचे बोळे कोंबले. शेवटचं खोकं बंद होतंय, तोच इन्स्पेक्टर दारात.

त्यांनी कॅल्क्युलेटरवर तीनदा गुणाकार केला. "बरोबर आहे. पण त्र्याहत्तरच का?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "आमचं ष्टँडर्ड पॅकिंगच हाय तसं."

माल पास झाला. मंदाताईंनी स्वतःच्या पैशानं सगळ्यांना चहा पाजला.

दोन महिन्यांनी कंपनीची दुसरी ऑर्डर आली. नग दहा हजार. खाली टाइप केलं होतं: स्टँडर्ड पॅकिंग, प्रत्येक खोक्यात त्र्याहत्तर.

मी हिशेब केला. शेवटच्या खोक्यात बहात्तरच बसत होते. एक कमी पडत होता.

आबांनी कागद माझ्या हातून घेतला आणि फोन उचलला. "सायेब, तेवढा एक वाढवा."

ते त्र्याहत्तरचं पॅकिंग मी रिटायर होईपर्यंत चाललं. नवीन इंजिनियर कारण विचारायचे. मी सांगायचो, स्टँडर्ड आहे. पुढे कोणी काही विचारत नसे.