ओली गोणपाटं

“असल्या दुष्काळात कुणी स्लॅब टाकतंय व्हय? तडकंल की!” टँकरच्या रांगेत शेजारच्या सुंदरामावशी म्हणाल्या. मी मागेच उभी होते, सोलापूरच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला परंड्याला आलेली. आमच्याच घराचा स्लॅब नुकता पडला होता; मला राग आला.

आज मैत्रिणीच्या नव्या घरी ओल्या गोणपाटांचा वास आला आणि ती रांग आठवली. तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळायचं; गावच्या सहकारी सोसायटीतून वडिलांना ते मोठ्या मुश्किलीनं मिळालं होतं. नवा स्लॅब तडकू नये म्हणून त्यावर गोणपाटं अंथरून ती कितीतरी दिवस ओली ठेवावी लागतात. पाण्यावाचून तो गेला असता, तर पुन्हा घर उभं राहिलं नसतं.

रांगेच्या त्या दिवशीच संध्याकाळी मावशी कळशी घेऊन शिडीनं आमच्या स्लॅबवर आल्या आणि तापलेल्या गोणपाटांवर पाणी ओतलं. तांदूळ, भाजी धुतलेलं ते पाणी एरवी त्यांची म्हैस प्यायची.

“म्हशीला वो?” आईनं विचारलं.

“ती फुरफुरंल जरा. तडकणार तर न्हाय!”

मग गल्लीतल्या बायका रोज तसलं पाणी आणू लागल्या. मला टोमणा वाटलेली ती काळजी होती.

वास्तुशांतीला मावशी दारातल्या गर्दीत मागंच उभ्या राहिल्या. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी मी मोठ्यानं म्हणाले, “मावशी, आधी तुम्ही आत या.”