विळीला नख, वस्तऱ्याला केस

"विळीचं नखाला इचारावं, वस्तऱ्याचं केसाला," असं म्हणत ती अंबाड्यातून एक केस उपटायची, दोन बोटांत त्याचं टोक धरायची आणि लोंबता केस वस्तऱ्याच्या पात्यावर टेकवायची. केस अलगद तुटून पडला तर वस्तरा नवऱ्याच्या हजामतीच्या धोकटीत जायचा. नाही पडला तर पुन्हा निसण्याच्या दगडावर घासायचा. विळीला एवढे लाड नसत. अंगठ्याच्या नखावर पातं टेकवायचं. घसरलं तर बोथट, रुतलं तर चांगलं.

पौडात आमच्या शेजारचं घर तिचं. नवरा गावचा न्हावी. मी तिला मावशी म्हणायची. बाकी गाव 'न्हाव्याची' म्हणे, जणू बाईला स्वतःचं नावच नव्हतं. आळीतल्या बायका धारेला विळ्या तिच्याकडे आणायच्या. पण नवऱ्याच्या वस्तऱ्यांनाही तीच धार लावते, हे फक्त आम्हा शेजारणींना ठाऊक. बाईनं धार लावलेला वस्तरा गालाला लावून घ्यायला तेव्हाचे पुरुष तयार झाले असते का, तुम्हीच सांगा.

"बोलू नगं गं कुटं," ती म्हणायची. "त्येंचं नाव ऱ्हाऊ दे."

मी एकदा विचारलं, "विळीलाही वस्तऱ्यासारखी धार लावली तर?"

"वांग्याच्या सालीवरनं घसरंल की बया! विळीला बारीक दात लागत्यात. आन् वस्तऱ्याला दात ऱ्हायलं तर माणूस बोंबलंल." आणि पदर तोंडाला लावून हसली.

मग एका साली तिला मोठा ताप आला. वाचली, पण केस मूठमूठ गळले. उरले ते वाळल्या गवतासारखे.

त्यानंतर नवऱ्याचं काम बिघडत गेलं. आमच्या मामंजींची हनुवटी कापली. कुणी म्हणे, दाढी करतो की उपटतो! म्हाताऱ्याचा हात गेला, असं गाव बोलू लागलं. यष्टीच्या थांब्यापाशी आरसा-खुर्चीचं नवं दुकान निघालं होतंच. गिऱ्हाईक तिकडं वळलं. आम्हा जाणत्या बायकांनाही धारेचा संशय आला नाही. कसा येणार? आमच्या विळ्या तर सपासप चालत होत्या!

तुम्ही म्हणाल, न्हाव्याला बोथट वस्तरा कळत नाही? अहो, त्यानं स्वतःच्या हातावर संशय घेतला, बायकोच्या धारेवर नाही घेतला. धोकटी खुंटीला टांगली आणि ओट्यावर बसून स्वतःचे तळहात बघत राहायचा. मला ते बघवत नसे.

एका दुपारी मी तिच्याकडे गेले. धोकटीतल्या वस्तऱ्यांना गंज नको म्हणून ती ते परजत होती. सवयीनं केस उपटला. तो पात्याला नीट टेकायच्या आतच बोटांत तुटला. ती थबकली.

"तुजा एक केस दे बरं."

मी दिला. तिनं तो पात्यावर धरला. पातं त्यावरून नुसतं सरकलं. दुसरा वस्तरा घेतला, तिसरा घेतला. माझा केस तसाच लोंबत राहिला. तिनं वस्तरा खाली ठेवला.

"माजं केस कुजकं, बोथट पात्यावरबी तुटायचं," ती म्हणाली. "त्येंचा हात न्हाई गेला गं. मीच घात केला."

मी म्हटलं, "गप्प बस. माझ्या केसावर धार बघ आणि दे वस्तरे. कुणाला कळायचं नाही."

"मग लोकांच्या तोंडी त्येंचा हात गेला त्यो गेलाच ना?"

उठली ती थेट चावडीपाशी. डोक्यावरचा पदर कधी न ढळलेली बाई, सगळ्या पुरुषांसमोर उभी राहून म्हणाली, "आमच्या मालकांचा हात शाबूत हाय. धार खोटी व्हती, आन् ती माजी. लगीन झाल्यापास्नं समदं वस्तरं मीच लावत आलेय."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. मामंजी मात्र उठून घरी आले आणि मला म्हणाले, "सूनबाई, उद्या बोलाव त्याला."

रात्री माझ्या केसांवर बघून तिनं वस्तऱ्यांना नव्यानं धार लावली. सकाळी तो आमच्या ओसरीवर आला. साबण लावला, वस्तरा उघडला आणि गालाला लावण्याआधी मोठ्यानं म्हणाला, "धार आमच्या मंडळींची हाय." रक्ताचा थेंब निघाला नाही. मी दाराआड उभी राहून रडले.

पुढं प्रत्येकाला तो आधी हेच सांगायचा. ज्यांना ते रुचलं नाही ते दुकानात गेले. जाईनात का! मावशी केसासाठी माझ्याकडे यायची आणि माझे यजमान चिडवायचे, "टक्कल पाडून घेणार तुम्ही!"

काही वर्षांनी ती गेली. दिवसकार्य उरकल्यावर तो आमच्याकडे आला. मामंजींच्या गालाला साबण लावला, वस्तरा उघडला, बोलायला तोंड उघडलं आणि तसाच बसून राहिला. मामंजीही हलले नाहीत. गालावरचा साबण वाळला तरी दोघं म्हातारे समोरासमोर बसूनच होते.